माया ठेवून शिवलेले कापड

जुन्या किमोनोपासून रोजच्या वापराच्या वस्तू : जपानी घरातली काटकसर आणि आपल्यासाठी तिचा धडा

कपडा शिवताना आपला शिंपी शिवणीच्या आत थोडे कापड जादा ठेवतो. त्याला तो 'माया' म्हणतो. मूल वाढले, अंग भरले, की शिवण उसवून ही माया सोडता येते आणि कपडा आणखी एक-दोन वर्षे चालतो. तयार कपड्यांत ही माया सहसा नसते. शिवण अगदी कडेला टेकवलेली असते. कपडा आखूड झाला की त्याचे आयुष्य संपते.

जपानी लोकांनी आपला पारंपरिक पोशाख, म्हणजे किमोनो, जवळजवळ पूर्णपणे या मायेवर उभा केला. आज जुन्या किमोनोच्या कापडाच्या पर्स, पिशव्या, चष्म्याची घरे, पुस्तकांची वेष्टने आणि केसांतली फुले जपानच्या बाजारांत मिळतात. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलाबाळांकडून त्या भेट म्हणून इथल्या घरांतही येतात. वस्तू देखण्या असतात, म्हणून आपण त्यांना नवी फॅशन समजतो. त्यांच्यामागचा विचार मात्र काही शतकांचा आहे. तो कुठून आला, कोणत्या हलाखीतून गेला आणि आपल्या घरात त्याचा काय उपयोग, हे आम्ही इथे मांडतो.

एक तागा, आठ तुकडे

किमोनोसाठी कापड अरुंद पन्ह्याचे विणतात. त्याच्या ताग्याला तानमोनो म्हणतात. पन्हा साधारण 36 ते 38 सेंटिमीटर आणि लांबी 12 मीटरच्या आसपास असते. एका ताग्यात मोठ्या माणसाचा एक किमोनो होतो. कापणी सरळ रेषेतच करतात. काखेला, गळ्याला, खांद्याला गोलाई देण्यासाठी कात्री वळत नाही. जिथे कापड जास्त होते तिथे ते आत दुमडून शिवतात.

घरातल्या मुलांना हे गणित कागदावर करून दाखवता येईल. 120 सेंटिमीटर लांब आणि 3.6 सेंटिमीटर रुंद अशी कागदाची पट्टी घ्या. हा झाला एक-दशांश मापाचा तागा. तिच्यातून 33 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. हे अंगाचे, म्हणजे खांद्यावरून पुढे-मागे सोडायचे भाग. मग साडेदहा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा, त्या बाह्या. आता 33 सेंटिमीटरची पट्टी उरते. ती उभी मधोमध कापून दोन अरुंद पट्ट्या करा. एका पट्टीचे दोन सारखे तुकडे करा. ते पुढच्या उघड्या कडांना लावायचे. दुसरीतून एक लांब आणि एक आखूड तुकडा काढा. लांब तुकड्याची गळपट्टी होते. आखूड तुकडा तिच्यावर बसतो, कारण मळतो आणि झिजतो तो गळाच. एकूण आठ तुकडे झाले आणि खाली एक कपचाही पडला नाही. हेच आठ तुकडे पुन्हा जोडले की पट्टी परत मिळते.

किमोनोचे रहस्य एवढेच आहे. तो उसवला की कापड हाती येते, चिंध्या नव्हेत. आपला कुर्ता किंवा फ्रॉक उसवला तर चंद्रकोरीसारखे वेडेवाकडे तुकडे निघतात. किमोनोतून मात्र लांबलचक सरळ पट्टे निघतात. शिवणही हाताने घातलेल्या धावदोऱ्याची असते. दोरा एका बाजूने ओढला की कापडाला इजा न होता निघून येतो.

धुण्याची जुनी पद्धतही यावरच बेतलेली होती. तिला अराई-हारी म्हणतात. किमोनो पूर्ण उसवायचा, तुकडे एकमेकांना टोकाला जोडून पुन्हा तागा करायचा, तो धुवायचा, फुनोरी नावाच्या समुद्री शेवाळाची खळ द्यायची, मग फळीवर चिकटवून किंवा बांबूच्या बारीक काड्यांनी ताणून वाळवायचा आणि पुन्हा शिवायचा. पुन्हा शिवताना झिजलेला भाग आतल्या बाजूला जाईल अशी मांडणी करता येई. वरचा रंग उडाला असेल तर कापड उलटे करता येई, नाहीतर गडद रंगात बुडवता येई. मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेवर मोठ्या दुमडी घालत आणि मूल वाढेल तशा त्या सोडत.

ऋतू बदलला तरी कपडा तोच राही. हिवाळ्यात अस्तर आणि वरचे कापड यांच्यामध्ये कापूस भरत आणि उन्हाळा आला की तो काढून घेत. जुन्या पंचांगाप्रमाणे कापूस काढायचा दिवस चौथ्या महिन्याची पहिली तारीख हा होता. जपानमध्ये एक आडनाव लिहिताना 'चौथा महिना, पहिला दिवस' असे लिहितात आणि वाचताना 'वातानुकी', म्हणजे 'कापूस काढणे', असे वाचतात. घरातली एक साधी काटकसर भाषेत इतकी खोल गेली.

किमोनोपासून राखेपर्यंत

टोकियोचे जुने नाव एदो. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या एदो काळात सामान्य माणूस नवा किमोनो क्वचितच घेई. जुन्या कपड्यांचा व्यापार मोठा होता. निहोनबाशीतला तोमिझावा-चो हा भाग आणि कांदा नदीच्या बाजूचा यानागिहारा बांध ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे होती.

घरात आलेला किमोनो पायरी पायरीने उतरत जाई. मोठ्यांचा विटला की मुलाचा होई. मुलाचा फाटला की चांगला भाग दुसऱ्या कपड्याचे अस्तर होई किंवा गादीची खोळ होई. सुती युकाता धुऊन धुऊन मऊ झाला की तान्ह्या बाळाचे लंगोट होत. त्यानंतर फरशी पुसायचे फडके आणि शेवटी चुलीचे जळण. तिथेही प्रवास थांबत नसे. राख विकत घेणारे फेरीवाले दारोदार फिरत. राख शेतात खत म्हणून जाई आणि निळीच्या रंगकामातही वापरली जाई.

या कथेत आपल्या देशाचाही धागा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज आणि डच जहाजांतून भारतीय छापील सुती कापड जपानला जाऊ लागले. तिकडे त्याला सारासा म्हणतात. ते इतके मौल्यवान मानले जाई की हाताएवढा तुकडाही वाया जात नसे. चहाच्या समारंभातली भांडी ठेवायच्या पिशव्या आणि तंबाखूचे बटवे त्या तुकड्यांतून शिवले जात. लहान कपटे वह्यांत चिकटवून जपत. हिकोने इथल्या ई या सरदार घराण्याने जपलेले असे 450 नमुने आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आपल्या कारागिरांच्या हातचे कापड परक्या देशात तुकड्या-तुकड्याने सांभाळले गेले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

ठिगळांची लाज, ठिगळांचा मान

काटकसरीचे हे चित्र गोड वाटते, पण त्याची दुसरी बाजू कठोर आहे. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरीचा प्रदेश आहे. तिथे थंडी इतकी की कापूस पिकत नाही. गरीब शेतकरी तागासारख्या रोपाच्या धाग्याचे जाडेभरडे कापड विणून घालत. त्यातून वारा आरपार जाई. दक्षिणेकडून मालवाहू जहाजांनी जुने सुती कपडे आणि चिंध्या येत, त्या तिथल्या बायका विकत घेत. कापडावर कापड ठेवून, उभे-आडवे टाके घालून ते जाड करत. या टाक्यांच्या कामाला साशिको म्हणतात आणि अशा थरांवर थर चढलेल्या ठिगळांच्या कपड्याला बोरो. अगदीच फाटलेल्या चिंध्या फाडून त्यांच्या पट्ट्या मागावर आडव्या धाग्याच्या जागी घालत. ती साकिओरी.

थंडीपासून जीव वाचवणे हा या टाक्यांचा हेतू होता. पुढे सुबत्ता आली तशी ही वस्त्रे गरिबीची खूण ठरली. लोकांनी ती लाजेने लपवली, जाळली. तानाका चुझाबुरो नावाच्या अभ्यासकाने आओमोरीची गावे पालथी घालून ती जमवली. त्यांच्या संग्रहावर आधारलेले एक संग्रहालय 2009 साली टोकियोच्या आसाकुसा भागात उघडले आणि 2019 पर्यंत चालले. तानाका 2013 साली वारले. ज्या ठिगळांची लाज वाटत होती ती पाहायला आता परदेशातून लोक येऊ लागले.

आपल्याकडच्या गोधडीशी बोरोचे जवळचे नाते दिसते. ठिगळ लावलेल्या कपड्याचा मान तर आपल्याला दीनने आधीच शिकवला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना आपला कपडा स्वतः शिवत, आपली चप्पल स्वतः दुरुस्त करत, असे हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीतून कळते. खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या अंगावरच्या ठिगळांचा उल्लेख तर आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही आपल्या घरात रफू केलेला कुर्ता घालून पाहुण्यांपुढे जायला मूल कचरते. ही लाज त्याला कोणी शिकवली, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा.

फाटक्या कापडाची विद्यार्थिनी

दक्षिण जपानमधल्या कुरुमे गावात 1788 साली इनोउए देन नावाची मुलगी जन्मली. बारा-तेरा वर्षांची असताना तिला एका जुन्या, विटलेल्या कपड्यावर पांढरे ठिपके दिसले. हे ठिपके कसे पडले असतील, या कुतूहलाने तिने ते कापड उसवून एकेक धागा पाहिला. धागा काही ठिकाणी बांधून मग निळीत बुडवला तर बांधलेली जागा पांढरी राहते आणि विणल्यावर नक्षी उमटते, हे तिने त्यातून ताडले. तिने सुरू केलेली विणकाम-पद्धत 'कुरुमे कासुरी' म्हणून आजही प्रसिद्ध आहे. ती आयुष्यभर इतर मुली-बायकांना हे काम शिकवत राहिली. 1869 साली तिचे निधन झाले.

शिकवण्याच्या पेशात असल्यामुळे ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्या मुलीपुढे ना पुस्तक होते, ना शाळा. टाकून द्यायच्या लायकीचे एक कापड होते आणि ते कापायच्या आधी उसवून पाहण्याचा धीर होता.

भुकेच्या दिवसांतला किमोनो

दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये कपड्यांवर रेशन आले. 1942 पासून कपडा घ्यायला पैशांबरोबर कुपनेही लागत. घरोघरी बायकांनी किमोनो उसवून मोंपे नावाच्या सैल विजारी शिवल्या. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये शहरांत अन्नाचे हाल झाले. शहरातल्या आया लग्नात मिळालेले रेशमी किमोनो पाठीवर बांधून रेल्वेने खेड्यात जात आणि शेतकऱ्याकडून तांदूळ, रताळी घेऊन परत येत. या दिवसांना जपानी लोकांनी नाव दिले 'ताकेनोको' जगणे, म्हणजे बांबूच्या कोंबाचे जगणे. कोंबाचे एकेक पापुद्रे सोलावे तसे अंगावरचे एकेक वस्त्र उतरवून पोट भरायचे.

जे किमोनो उरले त्यांतून पुढच्या काही वर्षांत नवे कपडे उभे राहिले. किमोनोच्या सरळ पट्ट्यांतून झगे, ब्लाउज, मुलांचे कोट शिवले गेले. अशा कपड्यांना 'कोसेइ-फुकू' म्हणत, म्हणजे नव्याने उभे केलेले कपडे. शिवणकामाच्या वर्गांना गर्दी झाली. युद्धात पती गमावलेल्या कित्येक स्त्रियांनी शिलाई मशीनवर संसार चालवला. म्हणून आज एखादी जपानी आजी किमोनोचा तुकडा हातात घेते तेव्हा तिला त्यात फक्त फुले-पाने दिसत नाहीत.

कपाटातले ओझे

त्यानंतर सुबत्ता आली आणि रोजच्या वापरातून किमोनो गेला. लग्न, वयात येण्याचा समारंभ, दुखवटा एवढ्यापुरता तो उरला. जपानी सरकारच्या अहवालांप्रमाणे किमोनोची किरकोळ बाजारपेठ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 1.8 लाख कोटी येनांची होती. पुढच्या तीन दशकांत ती 30 हजार कोटी येनांच्या आसपास आली. घरोघरी लाकडी कपाटांत आई-आजीचे किमोनो कागदात गुंडाळून पडले आहेत. मुलींना ते नेसता येत नाहीत, मापात बसत नाहीत आणि टाकवतही नाहीत. विकायला नेले तर खरेदीच्या मानाने हाती अगदी थोडे येते.

या कापडाला आता वेगवेगळ्या वाटा फुटल्या आहेत. क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला आणि कितानो तेनमांगू इथे 25 तारखेला जुना बाजार भरतो. तिथे किमोनोचे ढीग असतात. उसवून धुतलेले तुकडेही मिळतात, त्यांना हागिरे म्हणतात. केनियाच्या नोबेल विजेत्या वांगारी माथाई 2005 साली जपानला आल्या तेव्हा त्यांना 'मोत्ताइनाई' हा शब्द भेटला. देणगीचे मोल न राखता ती वाया घालवणे, याची हळहळ या शब्दात आहे. तो त्यांनी जगभर नेला. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द आहे नाशुक्री.

कापावे की कापू नये?

यावर जपानमध्येही मतभेद आहेत. रंगकाम, विणकाम करणाऱ्या कारागिराला आपले काम कापलेले पाहून वाईट वाटते. एकेका किमोनोवर महिनोन्महिने मेहनत झालेली असते. आमच्या मते उत्तर किमोनोच्या रचनेतच आहे. पायऱ्या ओलांडू नयेत.

नेसण्याजोगा असेल तर तो आधी नेसण्यासाठीच द्यावा. जपानमध्ये अनेक मुली वयात येण्याच्या समारंभाला आईचाच किमोनो दुरुस्त करून नेसतात. ते जमत नसेल तर उसवून दुसरा पूर्ण कपडा करावा. डाग, कसर, फाटणे यांमुळे तेही शक्य नसेल तेव्हाच छोट्या वस्तूंसाठी कात्री चालवावी. चांगला किमोनो कापून चार पर्स करणे याला पुनर्वापर म्हणता येणार नाही, ती फार तर हौस.

आपल्या घरांसाठी आणखी एक पायरी आहे. मयत व्यक्तीचे कपडेही तरक्यात, म्हणजे वारसांच्या वाट्यात मोडतात. आईची किंवा नानीची भरजरी ओढणी कापून आठवण म्हणून बटवे करायचे असतील तर आधी सगळ्या वारसांची मनापासून रजामंदी घ्यावी. आठवण एकीची आणि हक्क पाच जणांचा, असे होऊ नये.

कोणत्या कापडाचे काय होते?

चिरिमेन हे सुरकुतलेल्या पोताचे रेशीम. लवचीक आणि मऊ असल्याने नाडीचे बटवे (किन्चाकु) आणि केसांतली फुले यांना ते उत्तम. चिमटीने छोटे चौकोन दुमडून पाकळ्या करायच्या कलेला त्सुमामी म्हणतात. तिला दोन-तीन सेंटिमीटरचे कपटेही पुरतात.

मेइसेन हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले स्वस्त आणि भडक नक्षीचे रेशीम. तेव्हाच्या तरुण मुलींचे ते आवडते कापड होते. पुस्तकांच्या वेष्टनांना, खिडपीच्या तोंडाच्या पर्सना (गामागुची, म्हणजे बेडकाचे तोंड) ते शोभते.

त्सुमुगी हे गाठाळ धाग्याचे टिकाऊ रेशीम आणि कासुरी हे बहुधा सुती. रोजच्या पिशवीला हीच दोन कापडे घ्यावीत. किमोनोची एक बाही उसवली की साधारण 36 सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब पट्टा मिळतो, म्हणजे रुंदीच्या जवळजवळ तिप्पट लांबी. 'आझुमा-बुकुरो' नावाच्या गाठीच्या पिशवीला नेमके हेच माप लागते. दोन घड्या, दोन शिवणी, वर गाठ, पिशवी तयार. एका बाहीत एक पिशवी.

ओबी म्हणजे कमरेचा पट्टा. तो जाड, कधी सोनेरी धाग्यांचा असतो. त्याचे चष्म्याचे घर, हातातली पर्स, मेजावरची पट्टी होते. तो पाण्यात घालू नये.

हात घालण्यापूर्वी

कापड उजेडासमोर धरा. जिथून प्रकाश जाळीसारखा येतो ती जागा झिजलेली. दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चरचर आवाज आला किंवा धागे सरकले तर त्याची पिशवी करू नका, त्सुमामीची फुले करा. लोहयुक्त रंगाने काळे-तपकिरी केलेले जुने रेशीम बऱ्याचदा असे ठिसूळ होते.

रेशीम आहे की पॉलिएस्टर, हे कळायला एक धागा काढून मोरीत, पाणी जवळ ठेवून जाळून पाहा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे काम मुलांवर सोपवू नये.

चिरिमेन पाण्यात घातले की आक्रसते. जुन्या किमोनोचे लाल अस्तर पाण्यात हमखास रंग सोडते. म्हणून आधी कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहावे. कापूर किंवा डांबरगोळीचा वास असेल तर सावलीत, वाऱ्यावर दोन-चार दिवस टांगावे. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम तापावर, पाणी न शिंपडता. पातळ कापडाला मागून पातळ चिकट बकरम लावले की शिवताना ते सरकत नाही.

आणि उसवताना घाई नको. टाक्याखाली उसवणीचे टोक घालून पाच-सहा टाक्यांवर एक टाका कापा, मग दोरा ओढा.

एक जुजदान

नमुन्यादाखल कुरआन शरीफचे जुजदान घेऊ. मुसहफ 14 सेंटिमीटर रुंद, 20 उंच आणि 3 जाड आहे असे धरा. रुंदीत जाडी मिळवा, त्यात सैलपणाचा 1 आणि मायेचे 3 सेंटिमीटर मिळवा. झाले 21. लांबीसाठी उंची अधिक जाडी म्हणजे 23, त्याची दुप्पट 46, झाकणाचे 10 आणि मायेचे 3 धरून 59, म्हणजे 60 घ्या. तेवढेच मऊ सुती अस्तर कापा. दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून चारही बाजूंनी शिवा, हात जाईल एवढी जागा सोडा, उलटवा आणि ती जागा बंद करा. आता खालचा भाग वर दुमडून दोन्ही कडा हाताने बारीक टाक्यांनी जोडा. वर उरते ते झाकण. त्याला फीत लावा. बाहीच्या पट्ट्यातून हे काढल्यावर 15 सेंटिमीटर रुंदीचा मीटरभर तुकडा उरतो. त्यात तसबीहचे दोन बटवे आरामात होतात.

नक्षी पाहून घ्यावी. किमोनोवर बगळे, कासव, माणसेही असतात. रेशमात रेशमाच्याच रंगाने विणलेली 'सायागाता' नावाची एक नक्षी फार आढळते. तिच्यात दुसऱ्या धर्मात पवित्र मानले जाणारे स्वस्तिकाचे चिन्ह गुंफलेले असते. ते चटकन दिसत नाही. जुजदान आणि जानमाजसाठी भूमितीच्या नक्ष्या निवडाव्यात : आसानोहा (षट्कोनातली पाने), सेइगाइहा (लाटा), शिप्पो (एकमेकांत गुंतलेली वर्तुळे). आपल्या मशिदींतल्या जाळ्यांची आठवण करून देणाऱ्या या नक्ष्या आहेत.

रेशमाचेही ध्यानात ठेवावे. शुद्ध रेशीम घालणे स्त्रियांना जायज आहे, पुरुषांना नाही. म्हणून मुलग्यांसाठी टोपी, मफलर असे काही करायचे तर सुती युकाता किंवा कासुरी घ्यावे. बसण्या-अंथरण्याच्या वापराबाबत मसलकांत फरक आहे. तिथे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

जीनत आणि इस्राफ

सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीत अल्लाहने जीनत करण्यास सांगितले आहे आणि तिथेच इस्राफला मनाई केली आहे. नीटनेटके, सुंदर राहणे आणि उधळपट्टी टाळणे यांत विरोध नाही, हे त्या एकाच आयतीतून कळते. किमोनोची गोष्ट याची साक्ष वाटते. इतके देखणे वस्त्र आणि कापताना एक कपचाही वाया नाही.

यासाठी जपानमधून काही मागवण्याची गरज नाही. ईदचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याला एवढेच सांगावे की खाली चार बोटे दुमड ठेव, बाजूंना दोन बोटे माया ठेव आणि उरलेले कापड परत दे. मजुरी थोडी जास्त पडेल, ती त्याला आनंदाने द्यावी. पुढच्या वर्षी रमजानमध्ये मुलीला शेजारी बसवून तीच शिवण उसवायला शिकवावे. आधी उसवायचे, मग मापायचे. कात्री त्यानंतर.